जमिनीची प्रतिकृती आणि पाण्याची वाट

इ. स. २००० च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या अंतराळयानाने अकरा दिवसांत पृथ्वीच्या बहुतेक भूभागाची उंची मोजली. तीवरून संगणकात आपल्या बुलढाणा जिल्ह्याची प्रतिकृती उभारता येते. तीस-तीस मीटरांवर बिंदू घेतले, तर एका चौरस किलोमीटरात सुमारे अकराशे भरतात. मीटरामीटरावर घेतले, तर दहा लाख! एवढे ओझे यंत्रालाही जड जाते. म्हणून सपाटीवरचे बिंदू गाळतात. लोणारचे विवर शंभर मीटरांहून अधिक खोल. ते विरळ बिंदूंतही दिसते. परंतु हिवरा आश्रमाच्या शिवारातला हातभर उंचीचा बांध नाहीसा होतो, आणि पावसाचे पाणी तर तिथेच अडते! तेव्हा आमचे म्हणणे एवढेच की, पाणी जिथे अडते वा वळते, तिथले बिंदू गाळू नयेत. आणि त्या जागा कोणत्या, हे आधी शेतकऱ्यास विचारावे.