मोहोळचा अर्ज, औषधाचा गांजा

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत गांजाचं नाव काढलं, की पोलिसांची धाडच आठवते. पण ऑगस्ट २०२१ मध्ये सोलापूर जिल्ह्यात हे नाव उघडउघड सरकारी अर्जात आलं. मोहोळ तालुक्यातल्या एका शेतकऱ्यानं जिल्हाधिकाऱ्यांकडे दोन एकरांत गांजा लावायची परवानगी मागितली. कुठल्याच पिकाला हमखास भाव नाही, गांजाला मात्र चांगला भाव आहे, हे त्याचं कारण. उत्तर आलं नाही तर १६ सप्टेंबरपासून लागवड सुरू, असाही इशारा होता. पोलिसांनी त्याला प्रसिद्धीचा स्टंट ठरवलं.

स्टंट असेलही. पण अर्जातला हिशेब खोटा नव्हता.

१९८५ च्या अमली पदार्थ कायद्यानुसार विनापरवाना लागवडीला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. त्याच कायद्यानं वैद्यकीय आणि वैज्ञानिक कामाला मात्र वाट ठेवली आहे, आणि गांजाच्या लागवडीचे नियम करण्याचा अधिकार राज्यांना दिला आहे. त्याच वर्षी अमेरिकेत केमोथेरपीच्या रुग्णांची मळमळ थांबवण्यासाठी ड्रोनाबिनॉलला मान्यता मिळाली. गांजातलं नशा आणणारं द्रव्य कारखान्यात बनवून केलेलं हे औषध. २०१८ मध्ये एपिडिओलेक्स आलं, मुलांमधल्या दोन दुर्धर अपस्मारांसाठी. ते झाडातूनच काढतात, पण त्यानं नशा होत नाही.

डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ आयोगानं २७ विरुद्ध २५ मतांनी गांजाला सर्वांत कडक यादीतून वगळलं. भारताचं मत वगळण्याच्या बाजूनं पडलं. त्याच महिन्यात गोव्यात औषधी लागवडीच्या प्रस्तावाला कायदा खात्यानं हिरवा कंदील दाखवला. विरोधक तुटून पडले, आणि सरकारनं मंजुरी दिलेली नाही, असा खुलासा मुख्यमंत्री प्रमोद सावंत यांना करावा लागला. दिल्लीचं मत आणि पणजीतलं राजकारण यांची गाठ काही पडली नाही.

औषधासाठी गांजा खुला झाला, तरी मोहोळच्या त्या दोन एकरांचं भलं होईल असं वाटत नाही. औषधाला प्रत्येक मात्रेत द्रव्याचं प्रमाण नेमकं लागतं. उघड्या रानातल्या पिकात ते राखणं अवघड. फायदा झालाच तर प्रयोगशाळा आणि बंदिस्त शेड परवडणाऱ्या कंपनीचा.

टॉवेल विणणाऱ्या सोलापूरला जवळची वाट याच झाडाच्या धाग्याची. उत्तराखंडानं २०१८ पासून, नशेचं द्रव्य ०.३ टक्क्यांच्या आत असेल तर, धाग्यासाठी लागवडीचे परवाने दिले आहेत. अक्कलकोट रोडच्या टॉवेलवाल्याचा पहिला प्रश्न मात्र असा असेल: तो धागा पाणी शोषेल का, आणि सुताच्या भावात पडेल का?