खाणीत सोडलेला कॅमेरा

आम्ही बोअरमध्ये कॅमेरा सोडणारी सरकारी माणसं. केबलवरचे आकडे वाचत जायचं. पडद्यावर पाइपचा गोल, गंजलेला सांधा, मग दगड. पाणी गढूळ झालं की दिवा असून नसल्यासारखा. उजेड गाळावरूनच परत येतो.

म्हणून मेघालयातल्या क्सानची खाण आम्ही विसरत नाही. 13 डिसेंबर 2018 रोजी तिथल्या कोळशाच्या खाणीत पाणी घुसलं आणि 15 मजूर आत अडकले. सरळ खाली सुमारे 370 फुटांचा खड्डा, त्याच्या बाजूंना माणूस रांगेल एवढीच बिळं. शेजारच्या सोडून दिलेल्या खाणीही पाण्याने भरलेल्या. नकाशा नव्हता. अशा खोदकामावर 2014 पासून बंदी. मग चोरून खोदलेल्या खाणीचा नकाशा ठेवणार तरी कोण?

नौदलाने केबल बांधलेलं कॅमेऱ्याचं यंत्र पाण्यात सोडलं. त्यालाही जेमतेम फूटभर पुढचं दिसे. 34 दिवसांनी पहिला मृतदेह पडद्यावर आला. यंत्राने ओढायला लागले, तर तो तुटू लागला, म्हणून थांबावं लागलं. वर आणला तो 24 जानेवारीला.