ऐकणारा कोणी उरत नाही



संगीतावर बोलण्याचा मला काय अधिकार? माझी शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण वाचनालयाने आणि जिनिंग-प्रेसिंगमधल्या कामगारांनी दिले. तरी आज मी गाण्याविषयीच बोलणार आहे, कारण एक संप मी त्याच्या अज्ञानामुळे हरलो.

संपात रोज सभा होई. आम्ही तिघेचौघे ओट्यावरून बोलत असू. हळूहळू माणसे गळू लागली. एका म्हाताऱ्या हमालाला कारण विचारले. तो म्हणाला, "भाऊ, तुमी बोल्ले, आमी आयकलं. आमाले कोठी बोलू देल्लं?"

हीच माणसे १७० किलोची रुईची गाठ हलवताना एका दमात आवाज लावतात. तेथे ऐकणारा कोणी नसतो. गप्प राहिला त्याचा खांदाही लागत नाही.

याचा उलगडा मला मोझरीस झाला. यावलीस १९०९ मध्ये जन्मलेल्या तुकडोजी महाराजांनी १९३५ मध्ये तेथे गुरुकुंज आश्रम स्थापिला आणि सामुदायिक प्रार्थना गावोगाव नेली. खंजिरी, पेटी, तबला, टाळ एवढाच वाद्यवृंद. चाल अशी की, ज्याचा गळा बसला आहे त्यालाही ती झेपावी. शेजारी कोणत्या जातीचा बसला आहे, हे विचारायचे नाही. मी देवभोळा माणूस नव्हे. पण त्या रांगेत माझेही ओठ हलू लागले.

पाश्चात्त्य देशांतही समूहाने गायच्या थोर धार्मिक रचना आहेत. इंग्लंडातील कॉव्हेंट्रीचे मोठे चर्च १९४० च्या बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त झाले. त्याच्या शेजारी नवे उभारले, तेव्हा १९६२ मध्ये बेंजामिन ब्रिटन यांची 'वॉर रेक्विएम' तेथे प्रथम सादर झाली. मृतांसाठीच्या लॅटिन प्रार्थनेत त्यांनी पहिल्या महायुद्धात मारल्या गेलेल्या विल्फ्रेड ओवेन या सैनिकाच्या कविता गुंफल्या. कला म्हणून ती फार मोठी. परंतु तेथे शिकलेले गातात, बाकीचे ऐकतात. आमच्या प्रार्थनेत ऐकणारा असा कोणी उरत नाही.

महाराज १९६८ मध्ये गेले. दरवर्षी पुण्यतिथीला दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी गुरुकुंजात हजारो माणसे एकदम स्तब्ध होतात. एकत्र गाण्याची सवय असलेल्यांनाच असे एकत्र गप्प राहता येते, असे मला वाटते.

मात्र नुसते गाऊन भागत नाही. महाराजांनी प्रार्थनेला ग्रामसफाईची जोड दिली होती. हल्ली काही ठिकाणी एकजण ध्वनिक्षेपकावर गातो आणि बाकीचे माना हलवतात. ती प्रार्थना नव्हे, ती माझीच जुनी सभा!

त्या संपानंतर मी एक नेम केला आहे. सभेत पहिल्याने मागच्या रांगेतील माणूस बोलतो, मी शेवटी. आज मात्र आपण मला बराच वेळ एकट्याने बोलू दिले. आता आपण बोला, मी ऐकतो.