कोर्लईचा किल्ला : व्यापार, सत्ता आणि वारसा



किल्ल्यांचा इतिहास बहुधा लढायांच्या सनावळीतून शिकविला जातो. परंतु किल्ला बांधण्यास आणि राखण्यास पैसा लागतो. तो कोठून येत होता, हे पाहिल्याशिवाय इतिहास पूर्ण होत नाही. रायगड जिल्ह्यातील कोर्लईचा किल्ला हे त्याचे बोलके उदाहरण आहे.

कुंडलिका नदीच्या मुखाशी, समुद्रात घुसलेल्या डोंगरावर हा किल्ला उभा आहे. समोरच्या तीरावर रेवदंडा आणि त्यालगत चौल. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रंथात चौलचा उल्लेख 'सेमुल्ला' असा आढळतो. मध्ययुगात येथे अरबी घोडे उतरत आणि येथून कापड परदेशी जाई. या व्यापारावरील जकात हेच संघर्षाचे मूळ होते.

पोर्तुगीजांनी 1521 मध्ये रेवदंड्यास कोट बांधण्यास आरंभ केला. समुद्रात जहाजांना परवाना घेण्याची सक्ती करून त्यांनी व्यापारावर पकड बसविली. निजामशाहीने 1570-71 मध्ये चौलला वेढा दिला. तो निष्फळ ठरला. पुढे बुऱ्हाण निजामशहाने कोर्लईच्या डोंगरावर तटबंदी उभारली. डोंगरावरील तोफांच्या माऱ्यात संपूर्ण बंदर येत असल्याने पोर्तुगीजांनी 1594 मध्ये ती जिंकून घेतली. वसईच्या पराभवानंतर, 1740 च्या तहान्वये, चौल व कोर्लई मराठ्यांकडे आले. 1818 मध्ये तेथे इंग्रजी अंमल सुरू झाला.

तथापि, तोवर व्यापारानेच वाट बदलली होती. 1668 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात आलेल्या मुंबईस खोल, सुरक्षित बंदर लाभले होते. व्यापार तिकडे वळताच चौलचे महत्त्व ओसरले आणि किल्ल्याचे प्रयोजनही संपुष्टात आले.

टिकली ती मात्र भाषा. डोंगराच्या पायथ्याच्या ख्रिस्ती वस्तीत आजही पोर्तुगीज शब्दसंपत्तीची, पण मराठी वळणाच्या वाक्यरचनेची एक मिश्रभाषा बोलली जाते. तिचे भाषिक हजाराच्या आसपासच आहेत. मराठी व इंग्रजी शिकलेल्या नव्या पिढीने ती सोडल्यास ती पुन्हा उभी करता येणार नाही.

वारसा जतनाचे नियोजन करताना म्हणूनच केवळ तटबुरुजांच्या डागडुजीचा विचार पुरेसा नाही. पर्यटनाचे उत्पन्न पायथ्याच्या गावापर्यंत पोहोचले आणि तेथील बोलीची नोंद झाली, तरच त्या जतनास विकासाचा अर्थ प्राप्त होईल. ढासळलेला बुरुज पुन्हा बांधता येतो. लोपलेली बोली नाही.