डेंग्यू : ताप उतरतानाचा धोका



डेंग्यूमध्ये सर्वाधिक जपण्याचा काळ बहुधा ताप उतरताना, म्हणजे तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या सुमारास येतो, आणि नेमके याच वेळी घरातील माणसे निश्चिंत होतात.

या काळात काही रुग्णांच्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांमधून प्लाझ्मा, म्हणजे रक्तातील द्रवभाग, बाहेर झिरपतो, रक्त दाट होते आणि रुग्ण शॉकमध्ये, म्हणजे अवयवांना रक्तपुरवठा अपुरा पडण्याच्या जीवघेण्या अवस्थेत जातो.

सुरुवातीला शरीर रक्तवाहिन्या आकुंचित करून वरचा रक्तदाब टिकवून धरते.

म्हणूनच रुग्ण शुद्धीवर असतो, नीट बोलतो, आणि तरीही त्याचे हातपाय गार पडलेले असतात, नाडी जलद पण क्षीण लागते, लघवी कमी होते.

पोटात सतत दुखणे, वारंवार उलट्या, हिरड्यांतून रक्त, अस्वस्थता किंवा गुंगी हेही तितकेच गंभीर इशारे होत.

प्लेटलेटच्या आकड्याची चर्चा घरोघरी होते; परंतु शॉकमधील मुख्य उपचार म्हणजे शिरेवाटे वेळेवर आणि मोजून दिलेले सलाईन, कारण ते कमी पडले तर रक्ताभिसरण सावरत नाही आणि जास्त झाले तर फुफ्फुसांत पाणी साचून श्वास कोंडतो.

तापासाठी ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन देऊ नये, त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. पॅरासिटामॉल डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेतच द्यावे.

ताप उतरला, म्हणजे धोका टळला असे नाही.

ताप उतरताना हातपाय गार पडले, तर सकाळची वाट न पाहता 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.