सुट्टीतले इंग्रजी पुस्तक

(आपल्या मंडळाच्या विद्यार्थी गुणगौरव कार्यक्रमात, जून २०२५ मध्ये केलेले भाषण)



मुलांना मी आणखी उपदेश करणार नाही. सकाळपासून त्यांना तो भरपूर मिळाला आहे. मी बोलणार आहे ते पालकांशी. हायस्कुलातल्या मुलांना उन्हाळी सुट्टीत इंग्रजी वाचायला म्हणून जे काही दिले जाते, त्याचे आपल्या घरांत काय होते, एवढाच माझा विषय. मी साहित्यातला माणूस नाही. सिव्हिलचा डिप्लोमा करून सरकारी नोकरीला लागलो. एस्टिमेट आणि मेजरमेंट बुक हेच माझे वाचन-लेखन. पण सुट्टीचा अभ्यास हेही एक काम आहे, आणि काम कागदावर पुरे झाले की जागेवर, हे ओळखायची सवय नोकरीने लावली आहे.

आपल्या शाळा एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात सुटतात आणि मे संपता संपता भरतात. म्हणजे साधारण सात आठवडे. शाळा मुलाच्या हाती कागद देते: एक इंग्रजी पुस्तक वाचा, दोन पानी परीक्षण लिहा, पन्नास नवे शब्द अर्थासह वहीत उतरवा. सहा आठवडे तो कागद फ्रिजवर चुंबकाखाली राहतो. शेवटच्या तीन दिवसांत मोबाईलवर पुस्तकाचा सारांश सापडतो, आता तर परीक्षणही आयते लिहून मिळते. आई सुंदर अक्षरात शब्द काढून देते, वडील रंगीत मुखपृष्ठाची प्रिंट काढून आणतात, आणि वही जमा होते. त्यात सगळ्यांचे कष्ट असतात, फक्त वाचन नसते.

दोष मी मुलांना देत नाही. आपल्याकडचा मे महिना तुम्हाला ठाऊक आहे. गुलबर्ग्याला (नाव २०१४ साली कलबुर्गी झाले, तरी आपल्या तोंडी गुलबर्गाच) पारा बेचाळीस-त्रेचाळीसला टेकतो. त्यात नववीच्या मुलाच्या हाती दीडशे वर्षांपूर्वीच्या लंडनचे धुके आणि कोळशाच्या शेगड्या दिल्या, तर तो दुसऱ्या पानावर झोपेल. मीही झोपेन. पुस्तक थोर असते, पण त्या मुलासाठी ते पहिले पुस्तक नव्हे.

मग पहिले कोणते? माझे मत विचाराल तर आर. के. नारायण यांचे ‘स्वामी अँड फ्रेंड्स’. म्हैसुरात राहणाऱ्या माणसाने लिहिलेली ही कादंबरी १९३५ साली ग्रॅहम ग्रीन यांच्या खटपटीने लंडनमध्ये छापली गेली. वाक्ये छोटी, शब्द रोजचे. शिवाय ओळख आधीच झालेली असते. ज्यांची पहिली भाषा मराठी किंवा कन्नड आणि दुसरी इंग्रजी, त्यांच्या दहावीच्या पुस्तकात नारायण यांची ‘अ हीरो’ ही गोष्ट आहे. वडिलांच्या पैजेमुळे एकटा झोपलेला आणि घाबरून चोराच्या पायाला कडकडून चावणारा तोच हा स्वामी. आमच्या पिढीने त्याला शंकर नाग यांच्या ‘मालगुडी डेज’ मालिकेत टीव्हीवर पाहिले आहे. कादंबरीत उन्हाळी सुट्टीचे एक प्रकरण आहे. मालगुडीतही ऊन असेच मरणाचे. वडील स्वामीला सुट्टीत गणित घालतात, आंब्यांच्या किमतीचे. आणि स्वामी किंमत काढायची सोडून ते आंबे पिकलेले होते की कच्चे, याच विचारात अडकतो. हे वाचून आपल्या घरातला पोरगा हसला नाही, तर खुशाल समजा की त्याला इंग्रजी कळलेले नाही. आणि हसला, तर परीक्षणाची गरज नाही.

सगळा मुद्दा या कळण्याचाच आहे. आपली मुले इंग्रजी मोठ्याने घडाघडा वाचतात. उच्चार तर आपल्यापेक्षा चांगले. पण वाचून झाल्यावर ‘काय झालं रे त्यात?’ असे मराठीत विचारा. गप्प होतात. म्हणून माझी पद्धत अशी: पुस्तक इंग्रजीत वाचायचे आणि रात्री जेवताना ते घरात मराठीत सांगायचे. काही शिक्षकांना हे पटत नाही. इंग्रजीचा विचार इंग्रजीतच झाला पाहिजे, असे ते म्हणतात. शाळेत तसे असू द्या. घरी ज्या आजीला इंग्रजीचे अक्षर येत नाही, तीच उत्तम परीक्षक. कारण गोष्ट नीट जुळली नाही की ती लगेच विचारते, ‘अरे, पण तो मुलगा घरून पळाला का?’ ते सांगण्यासाठी मुलाला पुन्हा पुस्तक उघडावे लागते. मोबाईलवरचा सारांश आजीच्या तिसऱ्या प्रश्नाला पुरत नाही.

आणि एका भाषेतून दुसरीत जाणे आपल्याला काही नवे नाही. १९४८ पर्यंत इथला कारभार उर्दूत चालला. आपले आजोबा उर्दूत शिकले, घरी मराठीत हिशेब ठेवले आणि बाजारात कन्नड बोलले. १९५६ ला बिदर-गुलबर्गा म्हैसूर राज्यात आले, तशी वडिलांची पिढी कन्नडकडे वळली. हुमनाबादजवळच्या माणिकनगरात माणिकप्रभूंची पदे मराठी, कन्नड, हिंदी, उर्दू अशा चारही अंगांची आहेत. गाणगापूरची कथा सांगणारे गुरुचरित्र मराठीत लिहिणारे सरस्वती गंगाधर मूळचे कन्नड भाषक मानले जातात. तेव्हा चार भाषांचे ओझे मुलांना झेपत नाही, हे या मातीत तरी मला पटत नाही. झेपत नाही ते अर्थ न कळता वाचणे.

गुरुचरित्राचा विषय निघालाच आहे, तर पारायणाची रीत आठवा. सात दिवस, रोजचे अध्याय ठरलेले, बसायची जागा ठरलेली. कोणी पाहुणा आला म्हणून आजचे उद्यावर ढकलले जात नाही. सुट्टीच्या वाचनाला मी हाच हिशेब लावतो. ‘स्वामी’ची प्रकरणे एकोणीस. आठवड्याला तीन धरली तर सहा आठवड्यांत अठरा होतात, सातव्या आठवड्यासाठी एकच उरते. गावाकडे एखादे लग्न निघाले तरी चालते. वेळेचाही प्रश्न नाही. एप्रिल-मेमध्ये आपल्या भागातली सरकारी कार्यालये सकाळी आठ ते दीड अशी चालतात. माझ्यासारखे जे नोकरदार आहेत, ते अडीचला जेवून आडवे होतात. त्यातला अर्धा तास मुलाशेजारी बसावे. आपल्याला इंग्रजी येत नसेल तर पेपर वाचत बसावे. फक्त दोघांच्याही हातात मोबाईल नको.

त्याच्या जोडीला एक मराठी पुस्तक हवेच. आपल्या घरांतली कित्येक मुले मराठी बोलतात, पण मराठीची पाटी वाचताना अडखळतात. साने गुरुजींची ‘श्यामची आई’ही १९३५ सालीच प्रसिद्ध झाली. नाशिकच्या तुरुंगात १९३३ मध्ये लिहिलेले हे पुस्तक एकेका रात्री सांगितलेल्या आठवणींचे आहे, म्हणजे मुळातच मोठ्याने वाचण्याजोगे. रात्री आहेत बेचाळीस. सात आठवडे, आठवड्याला सहा रात्री, रविवारी सुट्टी: हिशेब तंतोतंत बसतो. मोठ्या मुलांसाठी शांता गोखले यांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवादही २०२१ मध्ये आला आहे. एक रात्र मराठीत ऐकावी आणि तीच दुसऱ्या दिवशी इंग्रजीत वाचावी. शब्दकोश न उघडता पन्नास शब्द मिळतात.

आता कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला, पास तर होतातच. होतात का? २०२५ च्या मे महिन्यात लागलेल्या दहावीच्या निकालात आपला गुलबर्गा जिल्हा राज्यात शेवटचा होता, निम्म्याहून कमी मुले पास झाली. आज सत्कार झालेली मुले त्यातून वर आली, त्यांचे कौतुक मोठेच. पण पुढचे ऐका. ३७१-जे मुळे आपल्या भागातल्या संस्थांत ७० टक्के आणि राज्यातल्या इतर संस्थांत ८ टक्के जागा आपल्या मुलांना आहेत. दार उघडे आहे, पण आतले पुस्तक इंग्रजीत आहे. माझ्या ओळखीतल्या एका मुलीला चांगल्या इंजिनिअरिंग कॉलेजात जागा मिळाली. हुशार मुलगी. पहिल्या सहामाहीत तीन विषय राहिले. गणितात नव्हे, तर धडा वाचून समजून घेण्यात. बारावीपर्यंत तिने गाईड आणि प्रश्नसंचच पाहिले होते. सलग वीस पाने इंग्रजी तिने आयुष्यात कधी वाचलीच नव्हती. तिच्या वडिलांनी मला विचारले, याची शिकवणी कुठे मिळते? अशी शिकवणी मिळत नाही हो.

अमेरिकेत जूनमध्ये शाळा सुटताना मुलांना वाचनाची यादी देतात, हे तिकडे गेलेल्या नातेवाइकांकडून तुम्ही ऐकले असेल. सुट्टीत मुले किती विसरतात, यावरही तिकडे संशोधन झाले. हॅरिस कूपर यांनी १९९६ मध्ये सरासरी महिन्याभराचे शिक्षण मागे पडते असा निष्कर्ष काढला. पुढे त्यावर वादही झाले. तो वाद तज्ज्ञांचा. मी तिकडून एकच गोष्ट उचलतो. तिथले सार्वजनिक ग्रंथालय सुट्टीत मुलांची वाट पाहत असते.

आपल्याकडे काय आहे? बिदरमध्ये महमूद गवानने १४७२ च्या सुमारास मदरसा बांधला. त्याच्या ग्रंथालयात तीन हजार हस्तलिखिते होती असे सांगतात. आज आपण तिथे पाहुण्यांना घेऊन फोटो काढायला जातो. पण खेड्यांत ग्रामपंचायतीची ग्रंथालये आहेत, त्यांनाच आता ‘अरिवु केंद्र’ म्हणतात. ‘ओदुव बेळकु’ योजनेत मुलांना तिथे फुकट सभासद होता येते. भालकी, औराद, बसवकल्याणकडच्या मंडळींनी सुट्टीत गावी गेल्यावर मुलांची नावे जरूर घालावीत. पुस्तके बहुतेक कन्नड आहेत. तीही वाचावीत, परीक्षेत कन्नडही आहेच. मराठी आणि इंग्रजीची सोय आपल्यालाच करावी लागेल.

म्हणून मंडळापुढे एक प्रस्ताव ठेवतो. गणपतीची मूर्ती एक फूट कमी करा असे मी म्हणणार नाही. म्हटले तर वर्गणीला फिरताना मला कोणी चहा देणार नाही. पण विसर्जनानंतर हिशेबात जी शिल्लक राहते, तिच्यातून ‘स्वामी अँड फ्रेंड्स’च्या दहा आणि ‘श्यामची आई’च्या दहा प्रती घेऊन एका पेटीत ठेवाव्यात. पुढच्या एप्रिलच्या दुसऱ्या शनिवारी, त्या दिवशी आम्हाला सुट्टी असते, मी इथे सभागृहात सकाळी दहाला पेटी घेऊन बसेन. ज्यांना पुस्तक हवे त्यांनी मुलालाच पाठवावे, स्वतः येऊ नये. पुस्तक परत करताना परीक्षण नको. मुलाने तिथे बसलेल्या एखाद्या आजोबांना गोष्ट सांगायची आणि पुस्तक ठेवून जायचे. आजोबांची नावे आजच कार्यवाहांकडे द्यावीत, दोन मिळाली आहेत, आणखी चार हवीत. आणि कोणाच्या घरी ‘श्यामची आई’ची जुनी प्रत असेल तर तीही द्यावी. कव्हर फाटलेले असले तरी चालेल, फक्त बेचाळीस रात्री शाबूत हव्यात.