सुरक्षिततेचा प्रश्न अखेर अधिकाराचाच



सप्टेंबर १८८४ मध्ये मुंबईच्या परळ भागात गिरणी कामगारांची सभा भरली. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने तयार झालेल्या निवेदनावर सुमारे साडेपाच हजार कामगारांनी सह्या केल्या. आठवड्याची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती आणि वेळेवर पगार यांबरोबरच त्यात आणखी एक मागणी होती : कामावर जखमी झालेल्यास बरा होईपर्यंत पूर्ण वेतन मिळावे आणि कायमचे अपंगत्व आल्यास त्याच्या निर्वाहाची तरतूद व्हावी. विश्रांती आणि सुरक्षितता या एकाच प्रश्नाच्या दोन बाजू आहेत, दमलेला हातच यंत्रात सापडतो, हे त्या कामगारांना कोणी शिकवावे लागले नाही.

त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी, २ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्री, भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट हा विषारी वायू सुटला आणि हजारो माणसे प्राणास मुकली. या घटनेस अपघात म्हणण्याचा प्रघात आहे. परंतु तीत अकल्पित असे काय होते? डिसेंबर १९८१ मध्ये याच कारखान्यात फॉस्जीन वायूने एका कामगाराचा बळी घेतला होता. कामगार संघटनेने धोक्याचा इशारा देणारी भित्तिपत्रके शहरात लावली होती. मे १९८२ मध्ये मूळ अमेरिकन कंपनीच्याच पथकाने गंभीर त्रुटींची नोंद केली, आणि त्याच वर्षी पत्रकार राजकुमार केसवानी यांनी आपल्या साप्ताहिकातून शहराला सावध केले. पुढे मालाचा खप घटून तोटा होऊ लागला, तेव्हा काटकसरीची कुऱ्हाड सुरक्षिततेवर पडली. वायूच्या विभागातील माणसे कमी झाली. शीतकरण यंत्रणा जून १९८४ मध्ये बंद झाली. सुटलेला वायू जाळणाऱ्या मनोऱ्याची नळी त्या रात्री जोडलेलीच नव्हती.

तात्पर्य, उणीव ज्ञानाची नव्हती. ज्यांना धोका कळत होता त्यांच्या हाती यंत्र थांबविण्याचा अधिकार नव्हता, आणि ज्यांच्या हाती अधिकार होता त्यांचे लक्ष ताळेबंदावर होते. दुरुस्तीचा खर्च ताळेबंदात तत्काळ उमटतो. निकामी फुफ्फुसांचा खर्च मात्र कामगाराच्या घरावर आणि सरकारी इस्पितळावर पडतो. उत्पादनाचा हा खर्च समाजाच्या माथी मारता येतो, तोवर मालकास असुरक्षितताच स्वस्त पडणार.

भोपाळनंतर, १९८७ मध्ये, कारखाने अधिनियमात दुरुस्ती झाली. धोकादायक कारखान्यांत कामगार व व्यवस्थापन यांच्या समसमान प्रतिनिधींची सुरक्षा समिती आली आणि संभाव्य संकटाची सूचना देण्याचा हक्क कामगारास मिळाला. हक्क सूचना देण्याचा. काम थांबविण्याचा नव्हे. मालकाला ती सूचना पटली नाही, तर निर्णय निरीक्षकाचा. त्या अधिनियमाची जागा घेणाऱ्या २०२० च्या संहितेतही, जी २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आली, ही चौकट कायमच आहे. उलट विजेवर चालणाऱ्या कारखान्याच्या व्याख्येतील कामगारसंख्या दहावरून वीसवर नेण्यात आली. २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने सुरक्षित व निरोगी कार्यस्थळास श्रमिकांच्या मूलभूत हक्कांत स्थान दिले. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत मात्र २०१६ च्या मे महिन्यातील भीषण स्फोटानंतर २०२४ च्या मे महिन्यात पुन्हा तसाच स्फोट झाला.

कारखान्याच्या भिंतीवर ‘सुरक्षितता प्रथम’ असे रंगवून सुरक्षिततेची संस्कृती रुजत नाही. वार्षिक सप्ताहातील शपथांनीही ती येत नाही. कंत्राटी कामगाराने गळतीची तक्रार केली की दुसऱ्या दिवशी त्याला कामावर न घेता येते, अशा ठिकाणी तो गप्पच राहणार. त्या मौनाला बेफिकिरी म्हणणे हा त्याच्यावर दुहेरी अन्याय होय. म्हणून नोकरीची शाश्वती हे सुरक्षिततेचे पहिले साधन मानले पाहिजे.

यास्तव कामगार चळवळीने तीन मागण्या निकराने धरल्या पाहिजेत. सुरक्षा समितीवरील कामगार प्रतिनिधी गुप्त मतदानाने निवडले जावेत आणि त्या मतदानात कंत्राटी कामगारासही स्थान असावे. धोका दिसताच, वेतन न गमावता, काम थांबविण्याचा हक्क कायद्याने मिळावा. थोडक्यात टळलेल्या प्रत्येक अपघाताची नोंद कामगारांस व आसपासच्या वस्तीस खुली असावी. वेतनवाढीच्या वाटाघाटींत या मागण्या शेवटच्या पानावर ढकलल्या जातात आणि तडजोडीच्या वेळी त्याच प्रथम सोडून दिल्या जातात. ही सवय चळवळीने स्वतःपासूनच मोडावयास हवी.